घरात काचबिंदू आहे, मुलाची जनुकीय चाचणी करून घेऊ का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३८ वर्षांच्या असून सातारा जिल्ह्यात राहतात. वडील ६७ वर्षांचे. गेल्या दिवाळीनंतर त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तपासायला नेलं, तेव्हा उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने जवळजवळ गेल्याचं कळलं. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली आहे. त्याआधी वर्षभर ते चहाचा कप ठेवताना टेबलाच्या कडेला आपटायचे, जिन्याची शेवटची पायरी चुकायचे. घरच्यांना ते वयामुळे वाटलं. वडिलांची सख्खी बहीण, म्हणजे पत्रलेखिकेची आत्या, हीच त्यांची सासू. तिला पाच वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला, थेंब चालू आहेत. नवरा ४१ वर्षांचा, दम्यासाठी इनहेलर घेतो. मुलगा ११ वर्षांचा. उन्हाळ्यात त्याचे डोळे लाल होऊन खाजतात, तेव्हा मेडिकलमधून आणलेले थेंब दोन-तीन महिने घालतात आणि "लगेच उतार पडतो". भाऊ ४४ वर्षांचा, इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. धाकटी बहीण २९ वर्षांची, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, म्हणून आईने बजावलंय की हे कुठे बोलायचं नाही. ऑनलाइन मिळणारी लाळेची जनुकीय चाचणी मुलाची आणि स्वतःची करून घ्यावी, असं पत्रलेखिकेच्या मनात आहे. त्या लिहितात: "आमच्या रक्तात काचबिंदू आहे का हे एकदाचं कळलं की मी मोकळी होईन. नात्यात लग्न केलं, त्याचं फळ माझ्या मुलाला भोगावं लागणार का?"

उत्तर:

आधी मुलाच्या थेंबांकडे बघू, कारण तुमच्या पत्रात आजच्या आज हात घालावा अशी गोष्ट तीच आहे.

ती बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एक जरी नाव असलं तरी ते स्टेरॉइड आहे. पुष्कळदा ते अँटिबायोटिकच्या जोडीला घातलेलं असतं आणि ब्रँडच्या नावामागे एखादं जास्तीचं अक्षर, एवढीच त्याची खूण असते. ॲलर्जीची खाज स्टेरॉइडने दोन दिवसांत थांबते, म्हणून "लगेच उतार पडतो" हे वाचल्यावर शंका येते. अशा थेंबांनी काही जणांच्या डोळ्यांतलं प्रेशर चढतं, साधारण दोन ते सहा आठवड्यांत, मुलांमध्ये त्याच्याही आधी. दुखत नाही, लाली येत नाही, उलट डोळा छान पांढराशुभ्र दिसतो. सर्वसाधारण लोकांत तिघांतल्या एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं आणि शंभरातल्या पाचेक जणांचं खूप वाढतं. घरात सख्ख्या नात्यात काचबिंदू असेल तर हा धोका आणखी वाढतो. थेंब बंद केल्यावर बहुतेकांचं प्रेशर उतरतं, पण दरम्यान सुकलेली नस, डोळ्याकडून मेंदूकडे दृष्टी नेणारी, परत येत नाही. ही नस सुकत जाणं म्हणजेच काचबिंदू.

म्हणून या आठवड्यात मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, बाटली बरोबर घ्या आणि दरवर्षी किती महिने घातले ते खरं सांगा. थेंब सध्या चालू असतील तर फोन करून विचारा आणि मगच थांबवा. अकरा वर्षांच्या मुलाचं प्रेशर दवाखान्यात सहज मोजता येतं. बधिर करायचा थेंबही लागत नाही असं हातात धरायचं छोटं यंत्र बऱ्याच ठिकाणी असतं. शिवाय लांबलेल्या स्टेरॉइडने भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही होतो, तेही एकदा बघून घ्यायला सांगा. खाजेसाठी ओलोपॅटाडीनसारखे बिनस्टेरॉइडचे थेंब, गार पाण्याच्या घड्या आणि डोळे न चोळण्याची सवय एवढ्यावर पुष्कळ मुलांचं भागतं. त्रास फार असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसचा पर्याय डॉक्टर देतात. कधी थोडे दिवस स्टेरॉइड द्यावंच लागतं, तेव्हा प्रेशर मोजत राहून देतात. फरक त्या मोजण्यात आहे.

तुमच्या मुलाच्या रक्तात काय लिहिलंय ते सध्या बदलता येणार नाही. ही बाटली बदलता येते.

आता चाचणीबद्दल. "एकदाचं कळलं की मोकळी होईन" या वाक्यात असं गृहीत धरलंय की काचबिंदूचं एक जनुक असतं, ते असलं तर आजार होतो आणि नसलं तर होत नाही. तशी घराणी खरंच असतात, पण थोडी. मायोसिलिन हे काचबिंदूशी जोडलं गेलेलं पहिलं जनुक, १९९७ सालचं. डोळ्यातलं पाणी जिथून गळून बाहेर जातं त्या जाळीच्या पेशी हे प्रथिन बनवतात. त्यात विशिष्ट बिघाड असेल तर ते बिघडलेलं प्रथिन पेशीबाहेर न पडता आतच साचतं, पेशी थकतात आणि पाण्याची वाट अडते. हा बिघाड प्रभावी प्रकारचा असतो: आईवडिलांपैकी एकाकडे असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अशा घरांत आजार लवकर येतो, विशीत-तिशीत, कधी शाळेच्या वयात, आणि प्रेशरचा आकडा ३०-४०च्या घरात जातो. पण चाळिशीनंतर होणाऱ्या नेहमीच्या काचबिंदूच्या शंभर रुग्णांमागे मायोसिलिनचा बिघाड दोन ते चार जणांतच सापडतो. ऑप्टिन्यूरिन आणि टीबीके१ ही आणखी दोन जनुकं प्रेशर न वाढता नस सुकणाऱ्या प्रकारात दिसतात, त्यांचा वाटा त्याहून कमी.

राहिलेल्या बहुसंख्य लोकांत एका मोठ्या बिघाडाऐवजी असंख्य छोटे फरक असतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा १२७ जागा मोजल्या गेल्या. त्यातली एकेक जागा धोका किंचितच वाढवते. काही जागा प्रेशर ठरवतात, काही नसेच्या तोंडाचा आकार, तर काही नसेचा चिवटपणा. या सगळ्यांची बेरीज करून धोक्याचा एक आकडा काढता येतो, पण असे हिशेब मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेले आहेत. साताऱ्यातल्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावणं चुकीचं ठरतं.

त्यामुळे लाळेच्या किटमधून तीनपैकी एक उत्तर येईल. "काही सापडलं नाही" आलं तर तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि सगळ्यात मोठा धोका या उत्तराचा आहे. कारण वडिलांसारख्या काचबिंदूत चाचणी बहुधा कोरीच येते. घरबसल्या मिळणाऱ्या किट जनुकातली मोजकी अक्षरं तपासतात, पूर्ण जनुक वाचत नाहीत, हेही त्यात धरा. दुसरं उत्तर, "फरक आहे पण त्याचा अर्थ निश्चित नाही". ते हातात घेऊन वर्षानुवर्षं घोर लागतो. तिसरं, "धोका सरासरीपेक्षा जास्त". ते तर वडील आणि आत्या या दोघांकडे बघून आधीच कळलेलं आहे. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, हिचीही शिफारस अशीच आहे की उतारवयात येणाऱ्या काचबिंदूसाठी सरसकट जनुकीय चाचणी करू नये.

ही चाचणी कधी करावी तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्या एखाद्या घराला ती खरंच लागेल. कुणाला पस्तिशी-चाळिशीच्या आत काचबिंदू निघाला असेल, सलग तीन पिढ्यांत दिसत असेल, किंवा बाळाला जन्मतः असेल, तर करावी. तीही आधी रुग्णाची. त्याच्यात बिघाड सापडला तरच नातेवाइकांत त्याच बिघाडाचा शोध घेण्याला अर्थ येतो. रक्त देण्याआधी आणि निकाल आल्यावर जनुकीय समुपदेशकाशी बोलायचं. लक्षणं नसलेल्या लहान मुलाची चाचणी, उपचारात फरक पडणार असेल तरच. तुमचे वडील आणि आत्या या वर्णनात बसत नाहीत. मुलाची चाचणी करू नका, आणि तुमचीही आत्ता नको.

त्या पैशात वडिलांच्या फाइलची पूर्ण झेरॉक्स काढा. तुमच्या घरातला जनुकीय वारसा नीट वाचता येईल असा कागद सध्या तोच आहे. त्यातून पाच गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: काचबिंदू ओपन अँगल आहे की अँगल क्लोजर, उपचार सुरू होण्याआधीचं सगळ्यात जास्त प्रेशर, कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, जाडी किती मायक्रॉन, निदान झालं तेव्हाचं वय, आणि मार लागणं, जुनं ऑपरेशन, स्टेरॉइड असं दुसरं काही कारण होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर आनुवंशिकतेचा हिशेबच बदलतो. सांधेदुखीसाठी गावातल्या वैद्याच्या पुड्या वर्षानुवर्षं घेतल्या असतील तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, तेही विचारा. आत्यांची फाइल घरातच आहे, तिच्यातूनही हेच काढा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. अँगल म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोपरा. ओपन अँगलमध्ये पाण्याची वाट उघडी असते, जाळी आतून तुंबते. अँगल क्लोजरमध्ये डोळ्याचा पुढचा भागच अरुंद असतो आणि बाहुलीभोवतीचा पडदा त्या वाटेवर येऊन पडतो. भारतात हा दुसरा प्रकारही पुष्कळ आहे, आणि त्यात वारशाने येते ती डोळ्याची घडण: आखूड डोळा, प्लसचा नंबर. बहीणभावांत तो वारंवार दिसतो. वडिलांचा प्रकार हा असेल तर तुम्हा तिघा भावंडांना गोनिओस्कोपी करायलाच हवी. ती म्हणजे डोळ्यावर आरशाची छोटी काच टेकवून अँगल बघणं, दोन-तीन मिनिटांचं काम. अँगल फारच अरुंद निघाला तर लेसरने पडद्याला बारीक भोक पाडतात, पण प्रत्येक अरुंद अँगलला त्याची गरज नसते. अशा घरात एकाएकी डोळा प्रचंड दुखणं, लाल होणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं आणि उलट्या हे एकत्र आलं तर पित्त समजून गोळी घेऊन झोपायचं नाही, त्याच रात्री डोळ्यांचा दवाखाना गाठायचा.

"आमच्याकडे दुसऱ्या कुणाला नाही" या उत्तरावर मात्र फार विसंबू नका. आंध्र प्रदेश आणि चेन्नई इथल्या लोकसंख्येच्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांच्यातल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नव्हतं. आजोबांना शेवटी दिसेनासं झालं होतं का? आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "फेल गेलं" असं म्हणतात का? ऑपरेशन चांगलं होऊनही नजर आली नाही, यामागे बरेचदा आधीच सुकलेली नस असते. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची घरगुती बोलण्यात गल्लत होते, म्हणून वडीलधाऱ्यांना आजाराचं नाव विचारू नका, काय काय झालं ते विचारा. वडील आणि आत्या यांची आणखी भावंडं असतील तर त्यांना सगळ्यांत आधी कळवा; बाल्टिमोरच्या पाहणीत मुलांपेक्षा रुग्णाच्या भावंडांचा धोका ठळक दिसला होता. आत्यांना पाच वर्षांपूर्वी निघाला तेव्हाच वडिलांना तपासून घ्या असं कुणी सांगितलं असतं, तर उजवा डोळा इतका जाईपर्यंत वेळ आली नसती. हा ठपका तुमच्यावर ठेवण्यासाठी लिहीत नाही. निदानाच्या दिवशी "तुमच्या भावंडांना आणि मुलांना पाठवा" हे वाक्य रुग्णाला लिहून द्यायला हवं, आणि ते फार कमी ठिकाणी दिलं जातं.

मग धोका किती? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात काचबिंदूच्या रुग्णांची सख्खी भावंडं आणि मुलं तपासली. आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता त्यांच्यात साधारण २२ टक्के निघाली; ज्यांच्या घरात आजार नव्हता त्यांच्यात दोन-अडीच टक्के. आकडे डच लोकांचे आहेत, म्हणून अंदाजापुरतेच घ्या. म्हणजे नऊ-दहा पट धोका, तरीही पाचातल्या जवळजवळ चौघांना होत नाही. तुम्हाला आणि नवऱ्याला हे दोन्ही एकाच वेळी लागू आहे.

नात्यातल्या लग्नाचं तुमच्या मनावर ओझं आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे कितीतरी समाजांत चालत आलेली रीत आहे, तुम्ही जगावेगळं काही केलेलं नाही. नात्यातल्या लग्नाचा थेट संबंध येतो तो जन्मजात काचबिंदूशी. त्यात मुख्यतः सीवायपी१बी१ नावाचं जनुक असतं आणि त्याच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, बिघडलेल्या असाव्या लागतात. एक प्रत बिघडलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. आतेमामे भावंडांकडे एकाच आजोबांकडून आलेलं तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता जास्त असते. दोघांकडेही असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आंध्र प्रदेशात, जिथे नात्यातली लग्नं बरीच होतात, हा आजार साधारण ३,३०० जन्मांमागे एक असा नोंदला गेला; पाश्चात्त्य देशांत तो दहा हजारांमागे एक किंवा त्याहून कमी दिसतो. पण हा आजार बहुधा पहिल्या वर्षात, फार तर तीन वर्षांच्या आत कळतो: डोळ्यांतून सारखं पाणी, उजेड सहन न होणं, बुबुळ मोठं आणि धुरकट दिसणं. "बाळाचे डोळे किती मोठे आणि टपोरे" असं कौतुक होत असतं आणि आत प्रेशर चढलेलं असतं. जन्मलेल्या बाळाच्या कॉर्नियाचा आडवा व्यास बारा मिलिमीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, आणि उपाय ऑपरेशन हाच असतो, तोही दिवस न घालवता. तुमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला यातलं काही झालेलं नाही, म्हणजे तो धोका बहुतांशी मागे पडला. मोठेपणी येणाऱ्या काचबिंदूबाबत नात्यातल्या लग्नाने एवढंच झालं की आजार असलेली नाती त्याला दोन्ही बाजूंनी मिळाली. हे काही भोग नव्हेत. त्याने डोळे नियमित तपासून घ्यावेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमची आणि नवऱ्याची तपासणी, कारण मुलाच्या आधी पाळी तुमची आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही. तुमच्या वडिलांनाही शेवटपर्यंत समोरची अक्षरं वाचता येत असतील. काचबिंदूत मधली नजर सगळ्यांत उशिरा जाते आणि कडेचं दिसणं आधी. कप टेबलाच्या कडेला आपटतो तो म्हणूनच. एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, मेंदूही गाळलेली जागा भरतो, आणि माणसाला अंधार दिसत नाही, फक्त वस्तू "अचानक" समोर येतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर "घरात दोघांना काचबिंदू आहे, मला पहिली पूर्ण तपासणी करायची आहे" असं म्हणा आणि वडिलांचा कागद पुढे ठेवा. प्रेशर डोळ्याला टेकवून मोजणाऱ्या ॲप्लनेशन पद्धतीने मोजलेलं बरं. हवेचा झोत सोडणारं यंत्र चाळणीपुरतं ठीक. १० ते २१ हा नेहमीचा पट्टा, पण त्याच्या आत असलात म्हणजे सुटलात असं होत नाही. प्रेशर दिवसभरात खालीवर होतं, आणि कॉर्निया पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या मोठ्या नेत्र-अभ्यासात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली; पाश्चात्त्य सरासरी ५४०च्या आसपास असते. म्हणून पॅकिमेट्री, म्हणजे जाडीचं मोजमाप, एकदा कराच. ती पुन्हा पुन्हा करावी लागत नाही. पातळ कॉर्निया हाही वारशाने येणारा धोका आहे. जाडीवरून प्रेशरचा "दुरुस्त" आकडा काढायची कोष्टकं मात्र भरवशाची नाहीत. ५००च्या खाली जाडी असेल तर डॉक्टर तुम्हाला थोडं जास्त जपतील, एवढं पुरे.

त्यानंतर गोनिओस्कोपी, आणि ती झाल्यावरच बाहुली मोठी करायचे थेंब घालून नस बघायची. कागदावर ०.३, ०.५ असे आकडे येतात. नसेच्या तोंडातल्या खळग्याचं ते प्रमाण. ०.७ आलं म्हणून हबकू नका आणि ०.४ आलं म्हणून फुगू नका. नसेचं तोंडच मोठं असेल तर खळगाही मोठा असतो, आणि तीही घडण घराण्यात चालते. दोन डोळ्यांत ०.२ किंवा त्याहून जास्त फरक असेल तर मात्र विचारा. ओसीटी (नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट पहिल्या खेपेला दोन्ही करून ठेवाव्यात, पुढे तुलनेला लागतात. ओसीटीच्या कागदावर लाल रंग दिसला की घरी रडारड होते, पण मायनसचा मोठा नंबर असलेल्यांत तो पुष्कळदा खोटा निघतो. फील्ड टेस्ट म्हणजे ठिपका दिसला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्यांचीच बिघडते: नजर हलते, उशिरा दाबलं जातं, पापणी खाली येते. ती खराब आली तर निदान म्हणून घरी आणू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा.

सगळं ठीक निघालं तर दर एक-दोन वर्षांनी एकदा, आणि चाळिशीनंतर यात खंड नाही. मुलाच्या डोळ्यांत आत्ता काही निघालं नाही तर त्याच्या ॲलर्जीसाठी जाल तेव्हा प्रेशर आणि नस बघत राहायचं; पूर्ण पायाभूत तपासणी तिशीच्या सुमारास. घरात निदान लवकर झालं असेल तर त्या वयाच्या दहा वर्षं आधी, हा सोपा हिशेब.

नवऱ्याला इनहेलर अजिबात थांबवू देऊ नका. त्यातल्या स्टेरॉइडचा डोळ्याला धोका थोडा आहे, दम्याचा झटका जिवावर बेततो. फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा सांगायचा, कारण काचबिंदूचं टिमोलॉल हे जुनं औषध दम्याच्या माणसाला चालत नाही. थेंब डोळ्यात घातला तरी तो नाकातून शरीरात उतरतो. याच कारणाने वडील आणि आत्या यांनी एकमेकांची बाटली वापरायची नाही, मग आजार एकच का असेना. थेंब घातल्यावर नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहायची आणि साधारण महिन्याने नवी घ्यायची. वडिलांचा डावा डोळा हातचा जाऊ नये यासाठी प्रेशर २१च्या खाली आलं की झालं असं नसतं, त्यांच्या नसेला झेपेल असा वेगळा आकडा ठरवावा लागतो. तो डॉक्टरांना विचारून फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. थेंब विसरले जात असतील आणि अँगल उघडा असेल तर पाणी गळण्याच्या जाळीवर द्यायच्या एसएलटी या लेसरबद्दलही विचारा. २०१९च्या ब्रिटिश चाचणीत सुरुवातीलाच हे लेसर दिलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. ते रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते, वडिलांना किती उपयोग होईल हे त्यांची नस बघून ठरेल. चालायला त्यांना भरपूर जाऊ द्या. शीर्षासन करत असतील तर ते बंद, त्या स्थितीत डोळ्यातलं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं.

भावाचं सगळ्यात सोपं आहे. इंग्लंडमध्ये चाळिशी ओलांडलेल्या आणि आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला काचबिंदू असलेल्या माणसाची डोळ्यांची तपासणी एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, मोफत होते. त्याने वेळ घेताना "वडिलांना काचबिंदू आहे" एवढं सांगायचं. पण ते सांगायला आधी त्याला कळायला हवं, आणि इथे आईच्या गप्प राहण्याचा मुद्दा येतो.

आईची भीती खोटी नाही. स्थळं बघताना लोक काय काय उकरून काढतात हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बायोडेटावर हे लिहायचं कुणी म्हणत नाही, आणि घराबाहेर काय सांगायचं हा वडिलांचा आणि बहिणीचा अधिकार आहे. घरातल्या घरात मात्र गुपित ठेवलं तर नुकसान नेमकं त्याच मुलीचं होतं जिला आई जपते आहे. आईला सांगा की मधुमेह, बीपी जसे घराण्यात चालतात तसाच हा आजार आहे, वेळेवर सापडला तर बहुतेकांची नजर आयुष्यभर टिकते. बहिणीचं स्थळ ठरत आलं की तिने होणाऱ्या नवऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं: "बाबांना काचबिंदू आहे, माझे डोळे तपासलेत, नीट आहेत, दर दोन वर्षांनी बघून घेते." असं सांगायला तिच्या हातात तपासणीचा कागद हवा, म्हणून तिचा नंबर तुमच्याच बरोबर लावा. त्या दिवशी आईलाही घेऊन जा. एक तर तिच्याही तपासणीचा दिवस ठरेल, आणि दुसरं म्हणजे बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही; तुम्हा दोघी बहिणींना स्कूटर चालवता येणार नाही, रस्ता ओलांडताना हात धरायला ती लागेल.